वैरण-चंदीची चोपडी

एक माणूस गुडघे टेकून बसला आहे, दुसरा उभा राहून त्याच्या खांद्याला तलवारीचं पातं लावतो आहे. चित्रकाराला एवढं पुरतं. मागे चर्चची कमान असो, राजाचा दरबार असो, नाहीतर नुसतं कोरं पान असो. या दोन आकृती दिसल्या की बघणाऱ्याचा चेहरा आपोआप गंभीर होतो. एडमंड ब्लेअर लेटन या इंग्रज चित्रकाराने १९०१ साली हा प्रसंग रंगवला. फिकट झग्यातली, लांब वेण्यांची तरुण राणी आणि तिच्यापुढे मान लववून बसलेला तरुण. ते चित्र आता पोस्टरपासून मोबाइलच्या वॉलपेपरपर्यंत कुठेही भेटतं. मला ते आवडत नाही असं नाही. पण ते समोर आलं की माझी नजर राणीवर ठरतच नाही. ती उगीच कोपरे धुंडाळत राहते. तो लठ्ठ सराईवाला कुठे आहे? मेणबत्तीचं उरलेलं बोटभर टोक धरून उभा असलेला पोरगा कुठे आहे? आणि हसू दाबता दाबता रडकुंडीला आलेल्या त्या दोघीजणी?

नाइटपदाच्या दीक्षेची जी चित्रं मी वर्षानुवर्षं चाळत आलो, ती जवळजवळ सगळी एकाच अंगणातली आहेत. ला मांचाच्या उजाड रस्त्यावरची सराई, तिचं अंगण, अंगणात विहीर आणि विहिरीशेजारी जनावरांना पाणी पाजायची डोणी. मिगेल दे सर्व्हान्तेसच्या ‘डॉन किहोते’चा पहिला भाग १६०५ साली माद्रिदमध्ये निघाला, त्याच्या तिसऱ्याच प्रकरणात हे अंगण येतं. त्यानंतर डच आले, फ्रेंच आले, इंग्रज आले, उशिरा का होईना खुद्द स्पॅनिशही आले. ज्याने त्याने त्या अंगणात आपापली तिवई मांडली. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या सर्व्हान्तेस प्रकल्पाने जुन्या आवृत्त्यांतली असली चित्रं ढिगाने स्कॅन करून ठेवली. एकच प्रसंग धरायचा आणि शतकं उलटत जायचं, ही माझी रात्रीची चैन.

प्रसंग असा. पुस्तकं वाचून वाचून डोकं फिरलेला पन्नाशीचा एक गृहस्थ पणजोबांच्या काळातलं गंजकं चिलखत घासूनपुसून अंगावर चढवतो आणि जगातल्या अन्यायाचा बंदोबस्त करायला घराबाहेर पडतो. गाव मागे पडतं न पडतं तोच त्याच्या ध्यानात येतं की आपल्याला नाइटपदाची दीक्षा कुणी दिलेलीच नाही! नियमाप्रमाणे दीक्षेवाचून शस्त्र उचलता येत नाही. आता आली का पंचाईत. मग वाटेत जो कोणी पहिला भेटेल त्याच्याकडून दीक्षा घ्यायची असं तो ठरवून टाकतो. संध्याकाळी सराई दिसते. त्याला ती बुरुज-खंदकांसकट किल्ला दिसते. दारात उभ्या असलेल्या दोन बाजारबसव्या त्याला राजकन्या दिसतात. कोणी डुकरं राखणारा कळप गोळा करायला शिंग फुंकतो, ती त्याच्या लेखी स्वागताची तुतारी. सराईचा मालक म्हणजे अर्थातच किल्लेदार.

हा किल्लेदार अंगाने लठ्ठ, म्हणून स्वभावाने शांत, असं सर्व्हान्तेस सांगतो. शिवाय थोडा खट्याळ. पाहुण्याचं डोकं ठिकाणावर नाही हे त्याला पहिल्या पाच मिनिटांत कळलेलं असतं, पण फुकट मिळणारी करमणूक कोण सोडतो? तबेल्यात हा गृहस्थ त्याच्या पायाशी गुडघे टेकून बसतो आणि वर मागतो; तो वर देतो. देवघर नव्याने बांधायला पाडलंय, तेव्हा शस्त्रांपाशी जागर करायचा तो अंगणातच करा, म्हणतो. आणि मधल्या मधे विचारून घेतो, पैसे आणलेत का बरोबर? नाही, कुठल्या पुस्तकात नाइट पैसे घेऊन फिरल्याचं वाचलं नाही. त्यावर तो समजुतीने सांगतो की लिहिलं नसेल, कारण इतकी उघड गोष्ट लिहायची काय? पैसे, धुतलेले सदरे, जखमेवरचं मलम हे सगळं त्यांच्याजवळ असायचंच. साऱ्या पुस्तकात डॉन किहोतेला मिळालेला हा बहुधा सगळ्यात शहाणा सल्ला, आणि तो एका लुच्च्याच्या तोंडून. या सराईवाल्याने तरुणपणी स्पेनभरच्या बदनाम वस्त्यांतून हात मारलेले असतात आणि ते तो पराक्रम म्हणून अभिमानाने ऐकवतो.

मग चांदणं पडतं. चिलखत डोणीवर रचून ठेवलेलं, हातात भाला, आणि म्हातारा येरझाऱ्या घालतो आहे. एका खेचरवाल्याला आपल्या जनावरांना पाणी पाजायचं असतं. तो डोणीवरचं लोखंड उचलून बाजूला भिरकावतो आणि भाल्याचा तडाखा खाऊन आडवा होतो. दुसरा येतो, त्याचंही डोकं फुटतं. मग बाकीचे दगड मारू लागतात. हे प्रकरण आता गळ्याशी येणार हे ओळखून सराईवाला विधी उरकायचं ठरवतो. जागर दोन तासांचा पुरे असतो, तुमचा चार तासांहून जास्त झाला, असं सांगून तो आत जातो आणि एक वही घेऊन बाहेर येतो. खेचरवाल्यांना दिलेल्या गवताचा आणि जवाचा हिशेब ज्यात टिपून ठेवायचा, ती ही वही. आपल्याकडे जिला वैरण-चंदीची चोपडी म्हटलं असतं, ती. पोरगा मेणबत्तीचं टोक धरतो. दोघी ‘राजकन्या’ शेजारी उभ्या राहतात. सराईवाला चोपडी उघडून भर लग्नसराईत चौथं लग्न लावणाऱ्या भटजीसारखा दातातल्या दातात काहीतरी पुटपुटतो, मधेच हात उचलून समोरच्याच्या मानेवर एक सणसणीत रट्टा देतो, मग त्याच्याच तलवारीने खांद्यावर एक. पुटपुटणं चालूच. झाला नाइट.

पहिल्या आवृत्तीत यातलं काहीच चित्रात नव्हतं. हुआन दे ला क्वेस्ताच्या छापखान्यातून बाहेर पडलेल्या त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर फक्त छापखान्याचं बोधचिन्ह होतं: हातावर बसलेला, डोळ्यांवर टोपडं घातलेला ससाणा आणि खाली झोपलेला सिंह. किंमत ठरवून दिलेली, साडेतीन मारावेदीला एक फर्मा याप्रमाणे २९० मारावेदी आणि वर अर्धा. चित्रांचा खर्च त्यात बसला नसता. गंमत अशी की ज्या पुस्तकांनी डॉन किहोतेला वेड लावलं, त्या शिलेदारी कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठावर मात्र घोड्यावर बसलेला, तलवार उपसलेला नाइट हटकून असायचा. लाकडावर कोरलेला तोच ठसा या पुस्तकाला चाले, त्या पुस्तकालाही चाले. नाव तेवढं बदलायचं. आपल्या नायकाने ती चित्रं बघितली असणार. गुडघे कसे टेकायचे, मान किती लववायची, हे तो शिकला कुठून?

सचित्र ‘डॉन किहोते’ म्हणावा असा पहिला ग्रंथ निघाला तो १६५७ साली, हॉलंडात दोर्द्रेख्त इथे, डच अनुवादाबरोबर. तेव्हापासून प्रत्येक चित्रकारासमोर एकच अडचण उभी आहे आणि ती मला फार मोहवते. अडचण चोपडीची आहे.

वाचताना आपल्याला ठाऊक असतं की ती हिशेबाची वही आहे. सर्व्हान्तेसने कानात सांगितलेलं असतं. चित्रात? चित्रात एक माणूस उघडं पुस्तक हातात धरून वाचतो आहे. बस. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या रेघांमध्ये बायबल आणि बार्लीची उधारी यांत काडीचा फरक नसतो. कुणी चोपडी चर्चच्या पोथीसारखी जाड काढतो, कुणी शाळकरी वहीएवढी. पण पानावरचे आकडे वाचता येतील एवढ्या मोठ्या आकारात ती काढावी, तर मग माणसं पानाबाहेर जातात. विनोदाची सगळी कळ ज्या एका वस्तूत आहे, ती चित्रात आली की मुकी होते. विधी खरा वाटू लागतो.

आणि हे फक्त चोपडीपुरतं नाही. डॉन किहोतेच्या शिरस्त्राणाला चेहरा झाकणारा पुढचा भागच नव्हता; तो त्याने पुठ्ठ्याचा केला, घाव सोसतो का बघायला तलवार हाणली आणि आठवडाभराचं काम एका फटक्यात मोडून पडलं. दुसऱ्यांदा आतून लोखंडी पट्ट्या लावल्या आणि या खेपेला शहाण्यासारखी परीक्षा घेतलीच नाही. आता पुठ्ठा आणि पोलाद रेघांनी वेगळं कसं दाखवायचं? हे शिरस्त्राण त्याने हिरव्या फितींनी बांधलेलं, फिती कापू देईना म्हणून ते रात्रभर डोक्यावरच राहिलं, खाणं दुसऱ्याच्या हातून भरवून घ्यावं लागलं, आणि दारू प्यायला सराईवाल्याने एक बोरू पोखरून त्याचं टोक तोंडात दिलं. पण छापलेल्या चित्रात हिरवा रंग काळाच. पुठ्ठा, फीत, चोपडी. या माणसाच्या वैभवाची कुचेष्टा करणाऱ्या तिन्ही वस्तू शाईत बुडाल्या की निमूटपणे त्याच्या बाजूने साक्ष देतात. चित्रकाराने कितीही हसवायचं ठरवलेलं असो, ते दोन देह, टेकलेले गुडघे आणि उचललेलं पातं, डॉन किहोतेला जसं दिसत होतं तसंच चित्र दाखवतात.

म्हणून मग चित्रकार हसू शोधायला कडेकडेने फिरतात. कुणी मागे एक खेचर उभं करतो. कुणी पट्टी बांधलेलं डोकं घेऊन कण्हणारा गाडीवान. कुणी त्या पोराला पेंगुळलेला काढतो. मेणबत्तीचं टोक किती आखूड आहे यावरून मी चित्रकाराची पारख करू लागलो आहे. ज्याने चांगली लांब, नवीकोरी मेणबत्ती दिली, त्याने प्रकरण नीट वाचलेलं नाही, असं खुशाल समजावं.

फ्रान्समध्ये शार्ल-आंत्वान क्वापेलने ही अडचण वेगळ्याच वाटेने सोडवली. गोबलँच्या राजकारखान्यात भिंतीवर लावायचे भरजरी गालिचे विणले जात, त्यांसाठी त्याने डॉन किहोतेची एकूण २८ चित्रं रंगवली. काम हाती घेतलं तेव्हा तो विशीतला पोरगा होता. पुढे दशकं गेली. त्यावरून कोरलेली चित्रं पुस्तकांतून युरोपभर फिरली, इतकी की पुढच्या कित्येक चित्रकारांनी मूळ प्रकरण वाचण्याऐवजी क्वापेलच वाचला की काय अशी शंका यावी. नाइटपदाची दीक्षा या मालिकेत आहे. क्वापेल नाटककारही होता, त्याने डझनावारी नाटकं लिहिली, आणि ते लपत नाही: त्याची माणसं जमिनीवर नव्हे, रंगमंचावर उभी असतात, प्रेक्षकांकडे थोडं अंग वळवून. तिथे कुणी कुणाला फसवत नाही. सगळे आपापली भूमिका वठवत आहेत. गालिच्यावर या चित्रांभोवती फुलांचे हार, पक्षी, सोनेरी चौकटी. वैरणीच्या वासाचा तो विधी राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यात पोचला, आणि ज्यांच्या घराण्यांना खऱ्या तलवारीने खरे किताब मिळाले होते, ते त्याच्याखाली बसून जेवले. क्वापेलचं मला कौतुक आहे, पण त्याच्या सराईत मला माश्या दिसत नाहीत.

इंग्रजांनी या विनोदाकडे अगदी परीक्षा असल्यासारखं पाहिलं. लॉर्ड कार्टरेटच्या पुढाकाराने लंडनच्या टॉन्सनने १७३८ साली मूळ स्पॅनिश मजकुराचे चार देखणे खंड काढले. चित्रं जॉन व्हँडरबँकची. विल्यम होगार्थनेही याच कामासाठी काही चित्रं केली होती, ती आवृत्तीत आली नाहीत. मला हळहळ वाटते. त्या अंगणातली घाण होगार्थने हात राखून काढली नसती. या आवृत्तीत चित्रांविषयी डॉक्टर जॉन ओल्डफील्ड यांचा एक लेख आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की चित्र म्हणजे पानाचा दागिना नव्हे. शब्दांना जे सांगता येत नाही ते, म्हणजे चेहऱ्यावरचे भाव, चित्राने सांगावं. पवनचक्क्या आणि मेंढरांवरचे हल्ले दाखवायची हौस त्यांना पसंत नव्हती. मला हे आधी रुक्ष वाटायचं. पण सराईच्या अंगणात उभं राहिलं की त्यांचं म्हणणं पटतं, कारण या प्रसंगात जे आहे ते खरोखर चेहऱ्यांवरच आहे.

स्पेनला आपल्याच पुस्तकाची लाज वाटून जाग आली ती १७८० साली. परदेशी मंडळी एवढ्या थाटाच्या आवृत्त्या काढतात, म्हणून रॉयल स्पॅनिश अकादमीने माद्रिदच्या होआकिन इबार्राच्या छापखान्यात चार खंड छापून घेतले. कागद, खिळे, शाई, सगळं उत्तम. अकादमीचा चित्रकारांना आग्रह असा, की पोशाख आणि शस्त्रं काळाला धरून असावीत, मनाची नसावीत. पुठ्ठ्याच्या झडपेच्या माणसाला ऐतिहासिक दृष्ट्या बिनचूक चिलखत! या आवृत्तीसाठी तरुण गोयानेही एक चित्र दिलं होतं, ते वापरलं गेलं नाही. होगार्थ बाहेर, गोया बाहेर. प्रतिष्ठित आवृत्त्यांना नेमकी कुठली माणसं नको असतात, याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा.

एकोणिसाव्या शतकात खेळच बदलला. तांब्याचा पत्रा वेगळ्या यंत्रावर छापावा लागे, त्यामुळे चित्राचं पान वेगळं, मजकुराचं वेगळं. बॉक्सवुडच्या आडव्या कापावर कोरलेला ठोकळा मात्र खिळ्यांच्या शेजारी, त्याच चौकटीत बसतो. १८३६-३७ मध्ये पॅरिसला तोनी जोहानोची आवृत्ती निघाली तिच्यात अशी सुमारे ८०० चित्रं मजकुरात पेरलेली आहेत. ओळ वाचायची, डोळा खाली सरकला की चित्र, लगेच पुढची ओळ. विनोदाला लागते ती वेळ इथे साधली. चोपडी कसली आहे हे वाक्य आणि चोपडीचं चित्र यांत पान उलटायचं अंतर उरलं नाही. मुक्या वस्तूला शेजारच्या ओळीने वाचा दिली.

आणि मग गुस्ताव्ह दोरे. १८६३, पॅरिस, हाशेत प्रकाशन, दोन अवजड खंड, ३७० हून जास्त चित्रं, कोरीवकाम एलिओदोर पिझाँचं. आज डोळे मिटून कुणालाही डॉन किहोते आठवायला सांगा. जो उंच, काटकुळा, टोकदार दाढीचा माणूस दिसेल तो दोरेचा. दोरे स्पेनमध्ये हिंडला होता, त्या सराया, ती उन्हाने सोललेली भिंताडं त्याने पाहिली होती. पण त्याचा जीव रंगतो तो विधीत नव्हे, रात्रीत. त्याच्या हाती चांदणं आलं की तो सोडत नाही. लाकडावर तो ब्रशने काळ्या-करड्या छटा लावी आणि पिझाँ त्या छटांचं केसासारख्या बारीक समांतर रेघांत भाषांतर करी. भिंगाखाली धरा, चांदणं म्हणजे नुसत्या न कोरलेल्या आणि कोरलेल्या पट्ट्या. भिंग बाजूला करा, अंगण उजळतं. दोरेपाशी येईपर्यंत लोक या म्हाताऱ्याला हसत होते. दोरेनंतर त्याच्यासाठी उसासे टाकू लागले. माझं मन इथे दुभंगतं. चित्र अप्रतिम, पण तो खेचरवाला? दिवसभर तंगडतोड करून आलेल्या, तहानलेल्या जनावरांना पाणी पाजायला आलेल्या त्या माणसाचं डोकं फुटलंय. चांदण्याला त्याचं काय!

आता त्या दोघींकडे येतो, कारण माझ्या मते हे सगळं चित्र त्यांच्यावर तोललेलं आहे. कित्येक चित्रांत त्या तोंड पदराआड लपवून किंवा उघडच खिदळताना दिसतात. मी अशी चित्रं पटकन पुढे सरकवतो. सर्व्हान्तेसने तसं लिहिलेलं नाही. विधीच्या प्रत्येक पायरीला त्यांना हसू फुटत होतं, पण थोड्या वेळापूर्वी या माणसाने भाल्याने काय केलं ते त्यांनी पाहिलं होतं, म्हणून हसू आतल्या आत जिरत होतं, असं तो सांगतो. म्हणजे चेहऱ्यावर हसूही नको आणि भीतीही नको. हसू वर येतंय आणि भीती त्याला खाली ढकलतेय, ती झटापट हवी. आखूड मेणबत्ती कुणीही काढेल. हे काढणं म्हणजे ओल्डफील्डसाहेबांचा पेपर.

त्यांतली एक त्याच्या कमरेला तलवार बांधते, मोठ्या अदबीने. देव तुम्हाला यश देवो, असं काहीसं म्हणते. तो तिचं नाव विचारतो. मिळणाऱ्या कीर्तीतला वाटा तिला द्यायचा असतो. ती सांगते, ला तोलोसा, तोलेदोच्या एका चांभाराची मुलगी. दुसरी टाचेला आरी बांधते. ती ला मोलिनेरा, आन्तेकेराच्या गिरणीवाल्याची. तो दोघींना विनंती करतो की यापुढे नावामागे ‘दोन्या’ लावत जा. दोन्या तोलोसा, दोन्या मोलिनेरा. खेचरवाल्यांच्या तांड्याबरोबर सेव्हिलला निघालेल्या, कुणी सरळ तोंडाने हाक न मारलेल्या त्या दोघींना अर्ध्या रात्री, तबेल्याच्या वासात, बाईसाहेब केलं जातं. खोट्या विधीतून उठलेला माणूस उठल्या उठल्या जे पहिलं काम करतो ते हे. ज्याला किताब द्यायचा कसलाही अधिकार नाही त्याने दिलेला किताब, तोही ज्याचं स्वतःचं ‘डॉन’ त्याने स्वतःच लावून घेतलेलं आहे, त्याने. चित्रकार रट्टा काढतात, पातं काढतात. आरी बांधायला वाकलेली मोलिनेरा क्वचित, आणि तिला नाव विचारताना झुकलेला तो जवळजवळ कधीच नाही. नाव विचारणं चित्रात येत नाही म्हणा.

या विनोदाची धार कायद्याचं पुस्तक उघडलं की आणखी लागते. कास्तीलचा राजा दहावा आल्फोन्सो याने तेराव्या शतकात ‘सिएते पार्तिदास’ ही कायद्याची संहिता सिद्ध करवली. तिच्यात नाइट कसा करावा यावर एक आख्खं प्रकरण आहे. आंघोळ, रात्रभराचा जागर, सकाळची प्रार्थना, कमरेला तलवार, शपथ, आणि मग मानेवर एक फटका, घेतलेली शपथ ध्यानात राहावी म्हणून. म्हणजे सराईवाल्याचा रट्टा सोंग असला तरी शास्त्राला सोडून नव्हता. पण त्याच प्रकरणात कोणाला नाइट करू नये याचीही यादी आहे. वेड्याला नाही. अगदी दरिद्री माणसाला नाही. आणि ज्याला एकदा चेष्टेने नाइट केलं गेलं त्याला तर नाहीच. देणाऱ्याकडे अधिकार नसताना दिलेलं नाइटपद या चेष्टेतच मोडतं. डॉन किहोते वेडा, तंगीतला, आणि आता चेष्टेचा धनी. त्या एका रट्ट्याने सराईवाल्याने त्याला नाइट केलं नाही एवढंच नाही, तर कायद्याने तो यापुढे जन्मभर कधीच नाइट होऊ शकणार नाही अशी सोय करून ठेवली. सर्व्हान्तेसच्या काळच्या जाणत्या वाचकाला हे खटकन समजलं असेल आणि तो मांडीवर थाप मारून हसला असेल. चित्रात याची खूणही नाही. कशी असणार?

खऱ्या विधीतून तो फटका हळूहळू मऊ होत गेला. आज लंडनला एका खास पाटावर उजवा गुडघा टेकायचा, दोन्ही खांद्यांना पात्याचा नुसता स्पर्श, आणि ‘ऊठ, सर अमुक’ वगैरे कुणी म्हणत नाही, ते सिनेमात. आपल्या मुंबईत तर स्पर्शही लागला नाही. जमशेटजी जीजीभाई १८४२ साली सर झाले, ब्रिटिशांकडून हा मान मिळालेले पहिले हिंदी गृहस्थ. पण राणी तिकडे, हे इकडे, तेव्हा सनदेच्या कागदावर काम भागलं. गुडघा नाही, पातं नाही, जागर नाही. चित्रकाराला काढायला काही उरलंच नाही, टेबलावरचा लखोटा सोडून. त्यामानाने ला मांचाच्या सराईत यातली एकही पायरी गाळलेली नव्हती.

पहाटे नवा नाइट घोड्यावर बसून बाहेर पडतो. सराईवाला ब्याद टळली म्हणून इतका खूश असतो की राहण्याजेवण्याचे पैसेही मागत नाही. इथेच सगळा घोटाळा झाला असं मला वाटतं. पैसे जवळ ठेवा हा उपदेश डॉन किहोतेने पाळला, घरी परतून विकता येईल ते विकून पैसे उभे केले. पण अंगात मुरली ती दुसरीच गोष्ट. सतराव्या प्रकरणात दुसऱ्या एका सराईतून निघताना तिथला मालक हिशेब पुढे करतो, तेव्हा डॉन किहोते ठणकावून सांगतो की भटक्या नाइटांनी सराईत पैसे दिल्याचं कुठे ऐकिवात नाही, आणि घोड्याला टाच मारून चालता होतो. मालक वळतो त्याच्या चाकराकडे, सांचो पान्साकडे. सांचोही आपल्या धन्याचाच नियम सांगतो: नाइटाला माफ ते त्याच्या चाकराला माफ.

तिथे सेगोव्हियाचे चार लोकरवाले, कोर्दोबाचे तीन सुया बनवणारे आणि सेव्हिलच्या बाजारातले दोन जण मुक्कामाला असतात. नऊ जण, सगळे चेष्टेच्या रंगात. ते एक घोंगडी आणतात, सांचोला तिच्यात घालतात आणि अंगणात झेलू लागतात. आता बघा चित्रकारांची चंगळ. चोपडीशी अडखळलेला प्रत्येक हात इथे मोकळा सुटतो. सांचो हवेत, पाय वर, डोकं खाली, घोंगडीची चारी टोकं ताणलेली. हा प्रसंग गाळायला सहसा कुणी तयार होत नाही. आणि भिंतीपलीकडून, घोड्यावर बसून, आदल्या रात्रीच्या मारामुळे खाली उतरायचंही त्राण नसलेला डॉन किहोते आपला चाकर वर जाताना, खाली येताना, पुन्हा वर जाताना बघतो. रागाने बेभान झाला नसता तर त्यालाही हसू आलं असतं, असं सर्व्हान्तेस हळूच सांगून टाकतो. तोलोसा आणि मोलिनेराची अवस्था आता त्याची. मी प्रत्येक आवृत्तीत आधी ती भिंत शोधतो, मग भिंतीवरून दिसणारं ते लांबुडकं तोंड. बहुतेकांनी ते एवढंसं काढलेलं असतं, दोन रेघांचं. सांचो मात्र झेलणाऱ्यांचे हात दुखले तेव्हा खाली उतरतो, गाढवावर बसतो आणि एक कवडी न देता सुटलो या आनंदात बाहेर पडतो. झोळी मालकाने ठेवून घेतली, हे त्याच्या गावीही नसतं.